तिनागोचा शंख

"यंदाही समुद्री चाचे तुम्हीच," मेयर क्रिसांतो म्हणाले. "होड्या तुमच्याकडे, आणि मरायची सवयही तुम्हालाच."

बागुनासनच्या स्थापनादिनी प्रत्येक वाडी गावाच्या इतिहासातला एकेक प्रसंग करून दाखवते. समोरच्या तिनागो बेटाचं काम ठरलेलं. तोंडाला काजळी फासून होड्यांतून यायचं, गावकऱ्यांच्या लाकडी तलवारींनी वाळूत मरायचं आणि शेवटच्या पंगतीला भाजलेल्या डुकराची हाडं चघळायची. एवढ्यावर भागलं असतं तर बेटाची प्रमुख, कपिताना तेओफिला, गप्पही बसली असती. पण गावातल्या शाळेत बेटावरच्या पोरांना वर्षभर 'चाचे' म्हणून चिडवत. तिच्या नातीचं तर हल्ली शाळेची होडी दिसली की पोट दुखायचं.

"मेयर, चाचे येताना दिसले तेव्हा आमच्या पूर्वजांनी खडकावरून शंख फुंकून इशारा दिला, म्हणून गाव वाचलं."

"असेल हो. पण बुरुजावरच्या शिळेवर पाद्रीबाबांच्या घंटेचं नाव कोरलंय. तुमच्या शंखाला पुरावा काय?"

"फुंकणारे आहेत अजून."

"खेळ बिघडवलात, तर तिनागो सोहळ्यातून कायमची बाद. सांगून ठेवतो."

सोहळ्याच्या सकाळी अख्खं गाव तलवारी परजून किनाऱ्यावर उभं. पुठ्ठ्याच्या शिरस्त्राणात मेयर घामाघूम. होड्या आल्या, पण खडकांपाशीच थांबल्या. ना काजळी, ना आरोळ्या.

पुढच्या होडीत तेओफिला उभी होती. शेजारी शंख घेऊन तिचा म्हातारा काका, तियो पान्तालेओन.

"दात उरलेत चार. वारा कुठून निसटेल सांगता येत नाही, पोरी."

"कुठूनही निसटू दे काका, थोडा शंखात जाऊ दे."

दोन लांब, एक तोकडा. पुन्हा दोन लांब, एक तोकडा. मागच्या होड्यांनी सूर उचलला.

किनाऱ्यावर आधी उठली ती भाताचे गोड मुटके विकणारी आजी. टोपली तिथंच टाकून तिनं जवळचं पोर, स्वतःचं नव्हे, हाती लागलं ते, मनगटाला धरलं आणि चर्चकडे निघाली. तिच्यामागून दुसरी. मग ढोलवाले, मग तलवारवाले शूरवीर. बागुनासनमध्ये हा खेळ न खेळता कुणी मोठं झालेलं नाही. एकानं मुठीतून असा आवाज काढायचा, बाकीच्यांनी पळत जाऊन चर्चच्या भिंतीला शिवायचं. शेवटचा तो रेडा. खेळ आला कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. पायांनीही विचारलं नाही.

बघता बघता किनारा ओस पडला. गाव भिंतीला टेकून धापा टाकत हसत होतं. मग हळूहळू हसू थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली, मग समुद्राकडे. सगळ्यात मागून शिरस्त्राण सावरत मेयर पोचले.

"रेडा," पोरांनी निकाल दिला.

मेयरनी भिंतीला हात लावला. "मला हे माझ्या आजीनं शिकवलं होतं," ते म्हणाले.

तेओफिला भिजलेला घागरा पिळत वर आली. "पुरावा मागत होतात ना, मेयर? तो काय, भिंतीला चिकटलाय सगळा."

त्या दिवशी तिनागोवाले पहिल्या पंगतीला बसले. डुकराची कुरकुरीत कातडी तियोंच्या पानात आली. चार दातांवर त्यांनी ती मोठ्या इतमामानं संपवली. पलीकडे गावातली पोरं शंख फुंकायला शिकायचं म्हणून रांगेत उभी होती, आणि तेओफिलाची नात त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवत होती.

"सगळं खरं, कपिताना," मेयर हळूच म्हणाले, "पण पुढच्या वर्षी चाचे कोण होणार?"

"तुम्ही व्हा की. होड्या आम्ही देऊ," तेओफिला म्हणाली. "तेवढं पोहायला शिकून घ्या."