बाराचा पहारा

"निसतं पानी हाय त्यात," कडूबाई म्हणाल्या. "झाकन काढू नको."

सहादेवाने तोवर झाकण उचलले होते. चुलीवरच्या पातेल्यात खरोखरच नुसते पाणी उकळत होते. ना डाळ, ना चहाची पूड.

"काकी, मग चूल कशाला पेटवली?"

"तू येनार हुतास. तुझा शबूद खोटा पडायला नको." एवढे बोलून त्या हसल्या. त्यात टोमणा किती आणि माया किती, ते सहादेवाला कळेना.

शब्द म्हणजे त्याच्या गाण्यातला. 'एकही चूल विझली नाही, गड्या, माझ्या गावात.' दुष्काळात सरकारने कसे सांभाळले, त्याचे गुणगान एका पुढाऱ्याने लिहवून घेतले होते आणि गायला सहादेवाला बोलावले होते. जत्रांत, मेळ्यांत त्याचा गळा तेव्हा गाजत होता. मुंबईला जाऊन रेकॉर्ड करायची ही पहिलीच वेळ. कित्येक महिने तो गावाकडे फिरकलेला नव्हता. पण 'चूल' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे काकीची हीच चूल आली आणि आवाज असा भरून आला की, पेटीवाला वाजवता वाजवता 'वा' म्हणून गेला.

मग ती रेकॉर्ड हॉटेलांत वाजली, लग्नांत वाजली, सरकारी जीपवरच्या कर्ण्यातून वाजली. आज नेवाशाच्या स्टँडवर हॉटेलवाल्याने त्याला ओळखून चहा पाजला होता. गावाला द्यायला म्हणून दोन रेकॉर्डी त्याने पिशवीत घालून आणल्या होत्या. त्या अजून बाहेर काढल्या नव्हत्या.

"ऐकलं का तुमी गानं?" त्याने विचारलेच.

ऐकले होते. कडूबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढत सांगितले. माघात त्यांचे यजमान कारभारीतात्या चार माणसे घेऊन तालुक्याला गेले होते. पोराबाळांना, म्हाताऱ्यांना दोन घास मिळावेत म्हणून गावात अन्नछत्र मागायला. नेमकी बाहेर जीपवर रेकॉर्ड लागलेली. तिथला कारकून हसून म्हणाला, तुमच्याच गावचा गडी सांगतोय की, आणि तुम्ही कशाला रडता? सगळे तसेच परत आले. छत्र पलीकडच्या गावाला मिळाले, खडी फोडायचे कामही तिकडेच निघाले. आता निम्मे गाव पहाटे उठून तीन कोस चालत जाते.

"तात्यांनी घरात बी सांगितलं न्हाई. त्या बाकीच्यांकडून कळलं."

"एखादं पत्र तरी टाकायचं, काकी."

"काय लिवायचं? आमच्या चुली विझल्या म्हनून?"

सहादेवाने झाकण पुन्हा पातेल्यावर ठेवले. ठेवताना ते वाजले, आणि त्याला उगाचच चोरी पकडल्यासारखे झाले.

मारुतीच्या देवळात सप्ताह चालू होता. यंदा मांडव नव्हता, पंगत नव्हती, कीर्तनालाही गावातलेच एक बुवा उभे राहत. पण वीणा चालू होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. दुपारी बारा ते दोनचा पहारा सहादेवाच्या घराचा. वडील गेल्यापासून कुठेही असला तरी त्यासाठी तो येई.

पिशवी आत न्यायला त्याला धजवेना. पायरीवर चपलांपाशीच ठेवून तो आत गेला.

दहाचा पहारा कारभारीतात्यांचा होता. लहानपणी भजनात ओढून नेऊन सहादेवाचा गळा त्यांनीच उघडला होता. आज त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती, तिच्यावर रक्त वाळून काळे पडले होते. तरी त्याच हाताने ते तार छेडत होते. त्यांनी वीणा सहादेवाच्या गळ्यात घातला आणि वाकू लागले.

सहादेव मागे सरला. "तात्या, नका. माझ्या नका पडू."

"तुझ्या कोन पडतंय?" तात्या हळूच म्हणाले. "विन्याच्या पडतोय. नीट उभा ऱ्हा."

चिंधीचा हात त्याच्या पावलांना लागला. मग सहादेव वाकला, पण वीणा सांभाळत वाकताना त्याला तात्यांच्या तोंडाकडे बघवले नाही.

त्याने नाम सुरू केले. वाटले होते, आवाज फुटायचा नाही. पण तो फुटला, आणि गोड फुटला. अगदी त्या रेकॉर्डमधल्यासारखा. भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. तात्या खांबाला टेकून झोपी गेले होते, दुखरा हात छातीवर ठेवून. गळा बसला असता तर बरे झाले असते, असे देवापुढे उभे राहून सहादेवाच्या मनात आले.

दोन वाजले. पुढच्या पहाऱ्याचा माणूस खडीवर गेलेला, तो आला नाही. वीणा कोणी मागितला नाही, सहादेवाने कोणाला दिला नाही. येरझारा घालताना त्याला पायरी दिसत होती. ऊन पिशवीवर आले होते. रेकॉर्ड उन्हात टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते. उचला म्हणून कोणालाही सांगता आले असते.

तिसऱ्या प्रहरी कडूबाई दर्शनाला आल्या. पिशवी उघड्यावर बघून त्यांनी ती उचलली, आतल्या तबकड्या काढून पाहिल्या. पापडासारख्या वाकल्या होत्या. त्या तशाच असतात असे काकींना वाटले असावे. त्यांनी त्या पदराने पुसल्या आणि जपून, देवळाच्या सावलीत, भिंतीला टेकून ठेवल्या.