मांडवात राहिलेलं नाव

सकाळीच चंपतराव हवालदाराच्या अंगणात कुरबूर सुरू झाली. मिरचीची तोडणी चालू होती. अंगणभर लाल मिरची वाळत पडलेली, तिच्या ठसक्यानं शेजारपाजारची माणसं शिंकून शिंकून हैराण, आणि रुखमाबाई सगळं काम तसंच टाकून ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर उभी. नागपूरला जायचं होतं. चंपतराव म्हणे, तू कायले येते, मी एकटाच जाऊन येतो. रुखमाबाई म्हणे, सही माझी लागते हे तुम्हीच काल पोरीला फोनवर सांगत होते, मग मी घरी बसून काय करू?

"ऊन लागंन तुले," चंपतराव म्हणाला.

"जनम गेला माया धानाच्या बांधीत. आन आता एष्टीत बसून ऊन लागते काय?"

आता ह्यावर माणसानं काय बोलावं? चंपतरावानं मुकाट्यानं थैली उचलली. फौजेत असताना बर्फात उभं राहून पहारा दिलेला माणूस तो. गावात अजून त्याचा दरारा होता, पोट्टे त्याला पाहून बिडी विझवत. पण आज बायको सोबत निघाली म्हणून तो धास्तावला होता, आणि ते कोणाला दाखवायची सोय नव्हती.

भानगड अशी होती. फौजेच्या कागदात चंपतरावाच्या बायकोचं नाव लागलं होतं कामिनी. आणि घरात होती ती रुखमा. आधार कार्डावर रुखमा, बँकेत रुखमा, मतदानाच्या यादीत रुखमा. पेन्शन चंपतरावाच्या नावानं येत होती तोवर कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पण परवाच्या दिवाळीत गावातला दुसरा फौजी, आनंदराव, बसल्या जागी गेला. त्याच्या बायकोचं, इंदूबाईचं, नुसतं जन्माचं साल चुकलेलं निघालं, तर बिचारीच्या चपला झिजल्या. चंपतराव तिच्यासोबत कचेरीत गेला होता. परत येताना एष्टीत ती म्हणाली, "भाऊजी, मी ह्यायची बायको होती, हे आता मले लोकायले सांगत फिरा लागते."

त्या दिवसापासून चंपतरावाची झोप उडाली. इंदूबाईचं तर साल चुकलं होतं. इथं अख्खी बाईच वेगळी. आपण डोळे मिटले की रुखमा फौजेच्या लेखी कोणीच नाही. तिला पेन्शनही नाही, आणि ह्या माणसाची बायको म्हणून जागाही नाही. हे निस्तरायचं तर आताच, आपण जिवंत आहो तोवर.

मग कामिनी कोण, असं तुम्ही विचाराल.

चंपतराव नवा नवा भरती झाला, तेव्हा बापानं त्याचं लग्न जमवलं. मौद्याच्या पलीकडची पोरगी, खात्यापित्या घरची, कामिनी तिचं नाव. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. पत्रिका छापल्या. बापानं पत्रिकांचा गठ्ठा पलटणीत पाठवला. चंपतरावानं एक पत्रिका सुट्टीच्या अर्जाला जोडली, बाकीच्या दोस्तांना वाटल्या. मोठ्या मिजाशीत वाटल्या. आणि तो गावी येऊन पाहतो, तर मांडवाचे खांब गाडलेले आणि पोरीच्या बापानं नाही म्हणून निरोप धाडलेला. पलटण वर बर्फात जाणार हे त्याच्या कानावर गेलं होतं. माझ्या पोरीचं कुंकू मी बर्फात धाडत नाही, म्हणाला. आता बोला.

फौजेची सुट्टी काही पुन्हा पुन्हा मिळत नाही. बाप, काका, गावची चार जाणती माणसं रात्रभर बसली. काकानं सायकल काढली, दहा घरं हिंडला, आणि एका मजुराची पोरगी पाहून आला. त्या मजुरानं हो म्हटलं. ती रुखमा. त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर, दुसरीच्या मापानं शिवलेला ब्लाउज टाचण्या लावून घालून ती उभी राहिली. आपल्याकडे नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात. घाईगर्दीत ते राहूनच गेलं. सासू म्हणाली, जाऊ द्या, आहे तेच बरं आहे. मोडलेल्या सोयरिकीचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही, त्या पोरीचं नाव रुखमाला कळलंच नाही.

सुट्टी संपवून चंपतराव पलटणीत गेला. कारकुनानं अर्जाला जोडलेली पत्रिका पाहून कागद तयारच ठेवला होता. त्यानं विचारलं, बायकोचं नाव हेच ना? मागं दोस्त उभे. कोणी लाडू मागत होतं, कोणी कामिनी वहिनीचा फोटो मागत होतं. नवरीकडच्यांनी परत पाठवलेला नवरदेव आहे मी, हे त्यांच्यासमोर सांगायचं? चंपतराव म्हणाला, हो.

बस, तेवढंच. पुढं वाटलं होतं, सवडीनं दुरुस्त करू. ती सवड काही आली नाही.

पुढं त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि रुखमा तिकडे गेली. शेजारणी दारात आल्या, म्हणाल्या, आओ कामिनी. ती गोंधळली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, ह्या मले कामिनी काहून म्हनतात? तेव्हा सांगता आलं असतं. पण चंपतरावाची जीभ उचलली नाही. तो म्हणाला, मांडवात तुझं नाव ठेवायचं राहिलं होतं ना, ते मी इथं ठेवलं.

रुखमाला किती आनंद झाला म्हणून सांगू! मजुराच्या घरची पोर, तिच्यासाठी कोणी काही निवडून आणलं नव्हतं कधी. तिनं ते नाव अंगावर दागिना घालावा तसं घातलं. बाजारातून पाणी भरायचा पितळेचा गुंड आणला, तर त्याच्यावरही कामिनी असंच कोरून घेतलं. गावात पुरुष बायकोला नावानं हाक मारत नाही, अवं म्हणतो. क्वार्टरमध्ये मात्र सगळेच नावानं बोलवायचे. मग चंपतरावही बोलवायला लागला. पहिल्यांदा ते नाव तोंडातून निघताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच वाईट आहे.

नागपूरच्या कचेरीत गर्दी फार नव्हती. बाकावर दोनचार म्हातारे फौजी बसले होते. टेबलावर गोपाळराव, तोही फौजेतूनच निवृत्त झालेला, भला माणूस. त्यानं कागद पाहिले आणि हसून सांगितलं, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. लग्नात नाव बदललेल्या बायांच्या अशा केसेस रोज येतात. कामिनी आणि रुखमा ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करायचं, बाईची सही, दोन साक्षीदार, की पाठवून देऊ रेकॉर्ड ऑफिसला.

चंपतरावाला वाटलं, सुटलो. किती सोपं होतं. रुखमा आनंदानं सही करेल, कागद दुरुस्त होतील, आपल्यामागं तिचे हाल होणार नाहीत. कोणाचं काय बिघडते? तिला कळायचीही गरज नाही. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

रुखमाबाईला तर बोलायला फावलं. ती गोपाळरावाला सांगायला लागली, की मांडवात नाव ठेवायचं राहून गेलं होतं, ते ह्यायनंच मले नंतर देलं, सासरच्या कोणी नाही. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, म्हणजे हवालदार साहेब जवानीत शौकीन होते. सगळे हसले. रुखमाबाईनं लाजून पदर तोंडाला लावला. इतक्या वयाची बाई, नवरीसारखी लाजली. ते चंपतरावानं पाहिलं आणि त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

गोपाळरावानं कागद छापून आणला, मोठ्यानं वाचून दाखवला. मी, रुखमा ऊर्फ कामिनी, शपथेवर सांगते की. रुखमाबाईनं पेन घेतलं. चष्मा नाकावर नीट बसवला. ती सही करायला वाकली तसा चंपतरावानं कागदावर पंजा ठेवला.

"सही नको करू."

"काहून?"

"ते नाव तुयं नाही."

रुखमाबाईला वाटलं, गडी उन्हानं भंजाळला. गोपाळरावही पाहत राहिला. चंपतराव उठून उभा राहिला. साहेबासमोर गुन्हा कबूल करायला उभं राहतात तसा, हात बाजूला सरळ. आणि त्यानं सांगितलं. साक्षगंध सांगितलं, पत्रिका सांगितली, पोरीच्या बापाचा निरोप सांगितला, दोस्तांसमोर म्हटलेला तो हो सांगितला. क्वार्टरमधली गोष्टही सांगितली. बाकावरचे म्हातारे आपापल्या चपलांकडे पाहायला लागले. ज्यानं शौकीन म्हटलं होतं तो पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर निघून गेला.

रुखमाबाईच्या हातात पेन तसंच होतं.

"मंग क्वार्टरमंधी मी कोनाच्या नावानं राहिली?" तिनं विचारलं.

 

गोपाळरावानं छापलेला कागद बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाला, आता हे प्रतिज्ञापत्र मला चालवता येत नाही. खरं लिहायचं तर दुसरा अर्ज करावा लागेल. त्यात हवालदारानं कबूल करावं लागेल, की कामिनी नावाच्या बाईशी लग्न झालंच नाही, आपण खोटं लागू दिलं. लग्नाचे साक्षीदार लागतील, सरपंचाचा दाखला लागेल. वर काय विचारतील, किती दिवस लागतील, होईल की नाही, हे मी छातीठोक सांगत नाही. आणि त्यानं चंपतरावाकडे पाहून अर्जासाठी विचारलं, "बायकोचं खरं नाव सांगा."

चंपतरावानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी रुखमाबाईच बोलली.

"रुखमा. लिहा. आन मांगं काही जोडू नका."

नवा अर्ज लिहून झाला तशी तिनं त्याच्यावर सही केली. हळूहळू, एकेक अक्षर दाबून.

एष्टी स्टँडपर्यंत ती पुढं आणि चंपतराव मागं. ऊन मी म्हणत होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला नाही की रस्ता ओलांडताना मागं पाहिलं नाही. स्टँडावर ती बायांच्या बाकावर जाऊन बसली. चंपतरावानं पाण्याची बाटली आणून तिच्याजवळ ठेवली. तिनं हात लावला नाही. तो समोर उभा राहिला, भोवतालची माणसं पाहत होती तरी उभा राहिला. म्हणाला, "मायं चुकलं."

ती त्याच्याकडे न पाहता बोलायला लागली. रागानं नाही, साध्या आवाजात.

"तिकडं तुमी मले नावानं हाक मारत. मले लय बरं वाटे. मी मुद्दाम आयकू न आल्यावानी करो. तुमी अजून एक डाव मारावी म्हनून."

चंपतरावाला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. तो तिथून सरकला आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत ह्या बाईला आपण तिच्या नावानं एकदाही हाक मारली नाही, हे त्याला तिथं, त्या खांबापाशी, कळलं. गावात अवं, तिकडे कामिनी. रुखमा म्हणून नाहीच. पोरगी झाली तेव्हा नाही, आजारी पडली तेव्हा नाही.

गावाकडची, मौद्याची गाडी लागली. माणसं धावली. रुखमाबाई आपल्या जागी बसूनच होती. चंपतरावानं पायरीवर एक पाय ठेवला, जागा धरायला थैली आत टाकली आणि वळून हाक मारली.

"रुखमा."

 ती हलली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्यानं. शेजारी बसलेल्या बाईनं तिला कोपरानं हलवलं. म्हणाली, "बाई, तुमालेच बोलावून राहिले वाट्टे ते."

"मले नाही," रुखमाबाई म्हणाली. "माया घरवाला मले ह्या नावानं बोलावत नाही."

ते चंपतरावाला ऐकू आलं. आणखी चारसहा जणांना ऐकू आलं, ते त्याच्याकडे पाहायला लागले. कंडक्टर ओरडला, बाबा, चढता का उतरता? चंपतराव पायरीवरून खाली उतरला. त्याची थैली आतच राहिली. त्यानं तोंड पुसलं, आणि सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं परत हाक मारली.