सातवी सूचना

"नियंत्रण कक्षाची योजना सुरू झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत फिरत्या पथकातील कर्मचाऱ्यांना आलेला एकही कॉल चुकलेला नाही."

डिसेंबर २०१० मध्ये अकोल्याहून निघालेल्या पत्रकातले हे वाक्य अक्षरशः खरे आहे. खोटे विधान खोडून काढायला फारसे कष्ट पडत नाहीत. खरे विधान मात्र उलटे करून त्याची आतली शिवण पाहावी लागते.

फिरते पथक म्हणजे नियंत्रण कक्ष नव्हता तेव्हापासून फिरणाऱ्या अकरा परिचारिका. कपाशीवर फवारणी करताना ज्यांना विषबाधा होते, त्यांच्यापर्यंत पहिली सुई आणि पहिला सल्ला पोहोचवणे हे त्यांचे काम. प्रत्येकीला एक पिशवी, एसटीचा पास आणि सरकारी मोबाइल मिळाला होता. गावोगाव भिंतींवर त्यांचे नंबर रंगवले होते. कार्यालयाच्या व्याख्येनुसार, घंटी वाजूनही जो कोणी उचलला नाही, तो कॉल चुकला. म्हणजे परिचारिकेच्या मोबाइलवर घंटी वाजूच दिली नाही आणि कॉल परस्पर यंत्राने उचलला, तर तो चुकत नाही. आठ महिन्यांत चारशे बारा कॉल आले आणि यंत्राने चारशे बाराही उचलले. वाक्य खरे झाले ते असे.

हे घडवून आणणारा कागद बारा कलमांचा होता. नाव होते, 'सतत प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मोबाइलविषयक उपयुक्त सूचना'. तो तयार केला माहिती-तंत्र अधिकारी उत्तमराव इंगोले यांनी. तयार केला म्हणजे विमानाने फिरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी मासिकातून उतरवून घेतला. चौथी सूचना अशी होती : 'विमानतळावरील सार्वजनिक चार्जिंग सुविधेचा वापर टाळावा.' पाचवीत परदेशात उतरल्यावर रोमिंग बंद करण्याविषयी सांगितले होते. ज्यांचा सर्वांत लांबचा प्रवास मूर्तिजापूर ते बडनेरा असा होता, त्या अकरा बायकांनी हा कागद मिळाल्याची सही केली आणि त्या दिवसापासून त्या एसटीला विमान म्हणू लागल्या.

सातवी सूचना मात्र मासिकातली नव्हती. ती उत्तमरावांची स्वतःची भर होती. 'धावत्या वाहनात मोबाइल वारंवार रेंज शोधतो व बॅटरी लवकर संपते. सबब प्रवासी कर्मचाऱ्यांनी आपले सर्व कॉल कायमस्वरूपी नियंत्रण कक्षाकडे वळवावेत.' खाली वळवण्याचा आकडाही दिला होता. नियंत्रण कक्षातले पद रिक्त असल्यामुळे तिथे एक यंत्र बसवले होते.

फवारणीत विषबाधा झालेल्या फारुख या मजुराच्या मृत्यूनंतर तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष महसूल खात्यातून निवृत्त झालेले देवीदास सोनटक्के. दुसरे सदस्य आरोग्य खात्याचे. ते दोन्ही बैठकांना आले नाहीत. तिसरा मी. अमरावतीच्या महाविद्यालयात मी जुन्या दप्तरांचा इतिहास शिकवतो, आणि मेलेल्या कारकुनांची अक्षरे वाचणारा माणूस जिवंत अधिकाऱ्यांना उपद्रव देणार नाही, असा नेमणाऱ्यांचा समज असावा.

दुसऱ्या बैठकीला परिचारिका दामिनी सरोदे पाऊण तास उशिरा पोहोचली. देवीदासजींनी घड्याळाकडे पाहून विचारले, "बाई, एवढा वेळ?"

"विमान बोरगावले पंक्चर झालं, साहेब."

लघुलेखक हसला. समोर बसलेले उत्तमराव कागदांतून वर पाहत नव्हते.

दामिनीने पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. रेंज कुठे मिळते, ते तिने त्या वहीत लिहून ठेवले होते. कुरूमच्या फाट्यावर चिंचेखाली उभे राहिले तर दोन कांड्या. माना स्टेशनवर फक्त पाण्याच्या टाकीजवळ. एसटीत डाव्या खिडकीशी. बॅटरी मरायला आली तर काढून दहा मिनिटे पदराखाली धरायची, म्हणजे एक फोन लागतो. प्रवाशांसाठी मोबाइलच्या सूचना म्हणून या जिल्ह्यांत काही लिहिले गेले असेल, तर ते त्या वहीत होते. तिची प्रत काढावी असे कोणाला वाटले नव्हते.

"गावातल्या बाया तुम्हाला कशा कळवत?" मी विचारले.

"मिस्ड कॉलनं. एक दिला का समजाचं, पुढच्या खेपीले घरी या. दोन म्हंजे औषध संपलं. लागोपाठ तीन म्हंजे जिथं असान तिथून उलट्या पावली या. मंग मी सरकारी मोबाइलवरून त्याहिले फोन लावो. त्याहिचा पैसा लागत नाई."

"ही पद्धत ठरवली कोणी?" देवीदासजी.

"कोन ठरवन, साहेब? खिशानं ठरवली."

"आणि सातवी सूचना आल्यावर?"

"म्या अर्ज देल्ला होता. कॉल वळवले तर मिस्ड कॉल माह्या मोबाइलवर उमटतच नाई, म्हून."

अर्ज नस्तीत होता आणि त्यावर उत्तमरावांच्या अक्षरात शेराही होता. 'मिस्ड कॉल देणे ही असभ्य प्रवृत्ती असून शासकीय यंत्रणेचा गैरवापर आहे. तीस उत्तेजन देऊ नये. सूचनेचे पालन करावे.' दामिनीने पालन केले. गावातल्या बायांना मात्र ते कोणी कळवले नाही, कारण कळवण्याविषयी बारा सूचनांत एकही सूचना नव्हती.

सोनखेड हे गाव कुरूम फाट्यापासून सात किलोमीटर आत आहे. सप्टेंबरअखेरच्या एका सकाळी तिथे फारुख दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करत होता. अकराच्या सुमारास त्याला उलट्या सुरू झाल्या आणि सोबत्यांनी त्याला घरी आणून टाकले. बायको अनवरी आणि तीन वर्षांची नगमा, एवढीच माणसे घरात होती. सासरे गुलफाम बडनेऱ्याच्या बाजारात गेले होते. दामिनी त्या वेळी कुरूमच्या फाट्यावर चिंचेखाली एसटीची वाट पाहत होती आणि तिच्या मोबाइलवर दोन कांड्या रेंज होती. फारुख संध्याकाळी अमरावतीच्या दवाखान्यात पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

समितीसमोरचा प्रश्न एवढाच असता, तर उत्तर दामिनीच्या अर्जावरच्या शेऱ्यात मिळाले होते. पण गुलफाम यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीची प्रत मागवली होती आणि ती मशिदीसमोरच्या ओट्यावर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली होती. अनवरीच्या नंबरासमोर लिहिले होते : 'कॉल स्वीकारला. कालावधी १९ सेकंद. कॉल करणाऱ्याने काहीही सांगितले नाही.' त्या दिवसापासून घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हते. चौकशी संपली की तिला मूर्तिजापूरला माहेरी पाठवायचे आणि नगमाला इथेच ठेवायचे, असे ठरले होते. समितीचा अहवाल नोंदवहीवरच आधारलेला असणार होता. त्याचा कच्चा मसुदा देवीदासजींच्या हातात होता आणि ते वाक्य त्यात जसेच्या तसे उतरले होते.

अनवरीला आत बोलावले. दारालगतच्या खुर्चीवर सासरे बसले होते. ती उभीच राहिली.

"म्या बोलली, सायेब," ती म्हणाली. "फोनात एक रुपया न चार पैसे होते. मले तीन मिस्ड कॉल द्याचे होते. घंटी वाजली का तोडाचं, असं करतो आमी. पन घंटी वाजलीच नाई, एकदमच बाई बोलाले लागली. मले वाटलं दामिनीबाईच्या हापिसातली असन. म्या सांगतलं, नगमाच्या अब्बाले फवारनी लागली, फेस येऊन राहिला, जल्दी या. ते आपलंच बोलत राहिली. मंग फोन तुटला."

"पुन्हा का नाही लावला?"

"लावला ना. पैसेच नाई म्हने."

मिनिटाला एक रुपया अशी तिची जुनी योजना होती. त्या एका रुपयावर शंभर मिस्ड कॉल देता आले असते. यंत्राने उचलला म्हणून तो रुपया गेला, आणि उरलेल्या चार पैशांत मिस्ड कॉलही लागत नाही. चुकलेला कॉल फुकट असतो. स्वीकारलेल्या कॉलची किंमत पडते.

"मग शेजारी जायचे. दुसऱ्याचा फोन मागायचा," देवीदासजी म्हणाले. ते कठोर नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

"कशी जाऊ? बाईचा फोन आला न मी घरी नसली तं? मिस्ड कॉल देल्ल्यावर फोन सोडाचा नसते, सायेब. बाई पाव घंट्यात लावतेच. आजलोक कवा चुकली नाई."

ती दोन तास दहा मिनिटे फोन हातात धरून बसली होती. तिचा भरवसा अज्ञानातून आला नव्हता. अनुभवातून आला होता. आणि घातकही तोच ठरला.

गुलफाम खुर्चीवरून म्हणाले, "दो घंटे फोन को देखते बैठी. जैसे उसमें से डाक्टर निकलनेवाला था." मग आमच्याकडे वळून, "सायेब, कागज पे सरकार ने लिखा है, कुछ नहीं बोली. हम गरीब लोग. कागज झूट बोलता क्या?"

गेली सव्वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारत आलो आहे. इतक्या प्रामाणिकपणे तो मला कोणी विचारला नव्हता.

मी मूळ नोंदवही मागितली. उत्तमराव म्हणाले, "प्रमाणित प्रत जोडलेली आहे, सर."

"मूळ पाहू द्या."

शिपायाने ती आणली. जुन्या दप्तरांत रमणाऱ्याला एक सवय लागते : एक नोंद वाचण्याआधी तो तिच्या वरच्या आणि खालच्या नोंदी वाचतो. अनवरीच्या वरची नोंद तिवस्याकडच्या कोणा गोदाबाईची होती. तिने काहीही सांगितले नव्हते. खालची शेंदूरजनाघाटच्या माणसाची. त्यानेही काही सांगितले नव्हते. मी पाने उलटत गेलो. चारशे बारा माणसांनी विषबाधेच्या मदतकक्षाला फोन लावले होते आणि चारशे बाराही जण गप्प बसले होते. पहिल्या पानावरच्या नोंदीत शब्द पूर्ण होते. पुढे सगळीकडे, अनवरीच्या ओळीतही, 'वरीलप्रमाणे' अशा दोन टिंबांच्या खुणा होत्या; प्रत काढणाऱ्याने त्या शब्दांत उतरवल्या होत्या. कालावधी कुठे सात सेकंद, कुठे बारा, बहुतेक ठिकाणी एकोणीस. एकोणिसाच्या वर एकही नाही.

"एकोणीसच का?" मी विचारले.

"तांत्रिक बाब आहे," उत्तमराव म्हणाले.

दामिनीचा मोबाइल टेबलावर होता. लघुलेखकाला मी त्याच्या स्वतःच्या फोनवरून तिचा नंबर लावायला आणि आवाज मोठा ठेवायला सांगितले. देवीदासजींनी हरकत घेतली नाही. दामिनीचा मोबाइल टेबलावर मुकाट पडून राहिला. त्यावर ना उजेड आला, ना थरथर. दुसऱ्या फोनातून मात्र तत्काळ एक स्वच्छ, सुसंस्कृत, कुठल्याही गावचा नसलेला स्त्रीचा आवाज आला.

"नमस्कार. शेतकरी आरोग्य मदतकक्षात आपले स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. फवारणी करताना हातमोजे व मुखपट्टीचा वापर करावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. आपल्या कॉलची नोंद घेण्यात आली आहे. धन्यवाद."

कॉल तुटला. लघुलेखकाने पडद्यावरचा आकडा वाचला, "एकोणीस."

अनवरी दोन पावले पुढे आली होती. "हेच बाई," ती टेबलावरच्या फोनकडे बोट करून म्हणाली. "हेच होती. विचारा तिले, म्या बोलली का नाई. पुन्यांदा लावा न विचारा."

दामिनीने तिचा हात धरला. कोणीही फोन पुन्हा लावला नाही.

देवीदासजींनी पेन उघडले. "असे लिहू. तांत्रिक मर्यादेमुळे संभाषणाची ध्वनिनोंद उपलब्ध होऊ शकली नाही." वाक्य निर्दोष होते. त्यात कर्ता नव्हता, कान नव्हते आणि अनवरीही नव्हती. नोंदवहीतले वाक्य त्याच्या शेजारी सुखाने नांदू शकले असते. मी म्हणालो की या वाक्याखाली मी सही करणार नाही. नोंदवहीतला शेरा ज्यांनी लिहिला त्यांनी त्याचा अर्थ सांगावा, आणि लघुलेखकाने त्यांचे शब्द जसे पडतील तसे उतरवावेत, शुद्ध न करता.

"सर, ही विभागीय बाब आहे," उत्तमराव म्हणाले. "यंत्रणा आपल्या जागी बरोबर होती. पत्रकात एकही चुकीचा आकडा नाही."

"नाही," मी मान्य केले.

तेव्हा गुलफाम उठले. सत्तरीचा, वाकलेला माणूस. माझ्याकडे किंवा अध्यक्षांकडे न पाहता ते सरळ उत्तमरावांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. "तुमी इथलेच ना, साहेब? आपल्याच मुलुखातले? मंग माह्याशी कागदाची भाषा नोका बोलू. मले एवढंच सांगा. माही सून बोलली का नाई बोलली? मले घरी जाऊन नगमाले सांगा लागते."

उत्तमरावांनी नोंदवही मिटून बाजूला सारली. मग ते बोलले. त्यांचा जबाब परिशिष्ट तीनमध्ये, त्यांच्या सहीनिशी, पुढीलप्रमाणे आहे :

"बोलली असन, चाचा. सारेच बोलले असतीन. म्या आयकलं नाई, कोनीच नाई आयकलं, त्या मशीनले आयकाची सोयच नोयती, ते निस्ती बोले. आयकाचं मशीन वेगळं घ्या लागत होतं, ते घेतलंच नाई. 'काहीही सांगितले नाही' हे म्या पयल्या दिवशी माह्या हातानं लिवलं, न खाली निस्ते टिंब देत गेलो. रकाना रिकामा दिसू नये म्हून."