टाकून दिलेली पुडी

साखरखेर्ड्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, "वाहेदभाई, कोणतं देता?" आणि मी काढून देतो. वीस वर्षं असंच चाललंय. म्हणून मोबाइलवर समुपदेशक बाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मीही तेच विचारलं. दुकानात कोणी शिरलं की छाती धडधडते, झोप लागत नाही. काय घेऊ ते सांगा.

"मी औषधही देत नाही आणि काय करा तेही सांगत नाही," पुण्याच्या त्या बाई म्हणाल्या. "आपण बोलू या."

हे कसलं दुकान, माल दाखवायचाच नाही! माझ्या मुलीनं, अलीजानं जुळवून दिलं होतं, नाहीतर मी फोन तेव्हाच ठेवला असता. मग दर बुधवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी बोलू लागलो. बाई शिकलेल्या, रीतसर नोंदणी असलेल्या. पण कपाशीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागे. पाचव्या बुधवारी समजावता समजावता मीच सापडलो.

अळीला न जुमानणाऱ्या बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरायची, म्हणजे बोंडअळी बीटीला सरावत नाही. लोक विचारत, "हिचं काय करू?" मी म्हणे, "टाकून द्या, जागा कायले अडवता?" चार वर्षांपूर्वी गुलाबी बोंडअळीनं गावाची कपाशी खाल्ली. तेव्हापासून रामराव यायचा बंद झाला. रोज माझ्या दुकानाच्या बाकावर बसून चहा पिणारा माणूस. आता बियाणं आणायला चिखलीला जातो, माझ्याच दुकानावरून, मान खाली घालून.

"हे रामरावांना सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"सांगू का?"

बाई गप्प. मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वावरात गेलो. "रामरावभाऊ, पुडी फेका म्हणून मीच सांगत होतो. तुमची कपाशी माह्यापायी गेली."

रामरावनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मी नाही फेकली. चारही बाजूनं पेरली होती."

"मग?"

"मग काय? गावानं फेकली. अळी त्यायच्या वावरातून आली." तो बांधावर बसला. "तू लोकायले फेका म्हणे, तवा मी तुह्या बाकावरच बसेल राहो. तुहाच चहा पेत. मले मालूम होतं, पण एक शब्द बोललो नाही, वाहेदभाई. आता कोणत्या तोंडानं येऊ तिथं?"

मला खूप काही सुचवता आलं असतं. सुचवलं नाही. त्याच्या शेजारी बांधावर बसलो, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहिलो.