आधी पोतं, मग पान

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या कर्जतच्या घरात सगळेच म्हणतात. खोटं कशाला बोलू, त्या जिभेपायी मी दोन नोकऱ्या घालवल्या होत्या. तिसरी मिळणार की नाही, ते शिकेकाईच्या पोत्यावर अडलं होतं.

त्र्याहत्तर साल. केस धुवायची पावडर करणाऱ्या मुंबईच्या एका कारखान्यानं खालापूरच्या, जंगलातला माल विकणाऱ्या सोसायटीला कळवलं, की माल तपासून शिक्का मारलेलाच हवा. वेल न तोडता शेंगा काढलेल्या असाव्यात, आणि काढणाऱ्याला वजनाप्रमाणे पैसे नीट मिळालेले असावेत. मग तपासनीस तयार करायचं ठरलं. शिकवायला अण्णा, जंगलखात्यातून निवृत्त झालेले. शिकणारे आम्ही तिघं, जागा एक.

अण्णांनी पहिल्याच दिवशी शेंग कानाशी धरायला लावली. वेलीवर पिकलेली शेंग हलवली की बिया खुळखुळतात. कोयत्यानं वेल तोडून उन्हात टाकली, तर शेंग वाळते, पण मुकी राहते. एवढं तर शेंबडं पोरही शिकेल.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे दारी आलेल्याला कुणी उपाशी पाठवत नाही. आणि जिथं जेवलो, त्या घरच्या पोत्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? पहिल्या सरावात मी हिरू नावाच्या शेंगा काढणाऱ्या बाईकडे तांदळाच्या दोन भाकऱ्या रिचवल्या आणि अख्खं मुकं पोतं पास करून आले. अण्णांनी ते सोसायटीत सगळ्यांसमोर ओतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरोजिनी, आणखी एक घर देतो," अण्णा म्हणाले. "आधी पोतं, मग पान. आता चुकलीस तर नाव कमी."

ते घर गोदूबाईचं, लोधिवलीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी. पोचले तेव्हा ऊन डोक्यावर, पोटात कावळे, आणि चुलीवर वालाचं कालवण रटरटत होतं. गोदूबाई पळी घेऊन बाहेर आली.

"ये गं बाय, हातपाय धू. आदी जेव."

"आधी पोतं बघते, मावशी."

तिचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं चालत नाय व्हय तुला?"

तसलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं. "चालतं, मावशी. म्हणूनच आत्ता नको."

तिनं पोत्याचं तोंड सोडून दिलं. वरच्या शेंगा छान खुळखुळल्या. मी कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ काढली. हलवली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी गोदूबाईनं स्वतःच कानाशी नेली आणि अंगणातल्या थोरल्या लेकाला हाक मारली.

"गजा, वेल तोडलीस रं?"

"लौकर उरकलं, आये."

"उरकलं खरं. आता फुडल्या साली त्या बुडख्याला काय तुजं डोस्कं लागनार हाय?"

मी कागदावर 'नापास' लिहिलं. तिनं खाली अंगठा दिला. मी पिशवी उचलून निघाले, तर ती दारात आडवी.

"कुटं चाललीस? पोतं नापास झालंय, मी नाय. बस."

बसले. जेवताना मधेच रडू आलं, ते मी तिखटावर ढकललं.

संध्याकाळी अण्णांनी कागद उजेडात धरला. अंगठ्याशेजारी कालवणाचा हा मोठा डाग. त्यांनी यादीतल्या माझ्या नावावर पेन्सिल ठेवली.

"आधी जेवलीस."

माझं डोकंच फिरलं. "आधी जेवले असते तर तिथं 'पास' लिहिलं नसतं? हात तिचा कालवणानं भरलेला होता. जेवले मी नंतर. तिनंच बसवलं."

"नापास केल्यावर?"

"होय. न तोडलेल्या दुसऱ्या वेली दाखवायला सोमवारी परत ये, म्हणालीय. गजाला बरोबर देणार आहे."

अण्णांची पेन्सिल थांबली. त्यांनी खण उघडून शिक्का काढला आणि माझ्या हातात दिला.

"सोमवारी जाशील तेव्हा," ते म्हणाले, "मलाही घेऊन चल."