पाठमोरा बंब

शालिवाहन शके एकोणीसशे आठ, मार्गशीर्ष मास. सिंधुदुर्ग जिल्हा, मालवण तालुका. समुद्राच्या वाऱ्यावर उभ्या असलेल्या एका तंत्र महाविद्यालयाच्या वसतिगृहाची गच्ची. माझा जन्म इथला आणि त्या काळचा. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढे माझ्याविषयी जे जे बोलले गेले, त्यात ना स्थळाचा विचार होता, ना काळाचा, ना दिशेचा.

मित्रांनो, मी एक जुना सौर बंब आहे. तुमच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला पोटात निखारे लागतात. मला तोंडावर ऊन लागते. याहून अधिक मी कोणाकडे कधी काही मागितलेले नाही. माझा आग्रह एकच: मला सूर्य दिसला पाहिजे. हा आग्रह अवाजवी आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून धडा वाचून दाखवावा.

माझे शरीर साधे आहे. फणसाच्या फळ्यांची एक उथळ पेटी, तिच्या तळाशी काथ्याचा जाड थर, त्यावर काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्याला जखडलेल्या नळ्या आणि सर्वांवर एक काच. पेटी तिरकी उभी. तिच्या माथ्यावर गोणपाट गुंडाळलेले एक पिंप. थंड पाणी खालून नळ्यांत शिरते, तापते, हलके होते आणि आपल्या पायांनी चढावे तसे पिंपात चढते. त्याला ना वीज लागते, ना सरपण. ज्याने हा मार्ग प्रथम शोधला, त्याला माझा नमस्कार. ज्यांनी तो पाहूनही नाकारला, त्यांची हकिगत पुढे येईल.

मला घडवले ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी. त्या वर्षी महाविद्यालयात एक नवा विषय सुरू झाला होता: इमारतीतील ऊर्जेचे व्यवस्थापन आणि अपारंपरिक ऊर्जा. तो शिकवायला गुरुदास सर होते. विद्वान माणूस, पण नोकरी तात्पुरती. त्यामुळे विद्या ठाम आणि आवाज मवाळ. ते मुलांना सांगत, "इमारत ही संसार करणाऱ्या बाईसारखी असते. ती काय मिळवते हे मागाहून बघा. ती काय सांडते हे आधी बघा."

मुलांनी सांडलेले मोजायला घेतले. त्यात सर्वांत पुढे होती धामापूरची सरला. वर्गातली ती एकटीच मुलगी. आणि एकटी असल्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागे. तिनेच दाखवून दिले की, खालच्या मजल्यावर दिवसाढवळ्या दिवे जळतात, कारण देणगीत आलेली कपाटे खिडक्यांना टेकवून ठेवली आहेत. तिनेच दाखवले की, टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालू राहतो. आणि सर्वांत मोठी गळती तिला सापडली ती न्हाणीघराच्या चुलीत. रोजच्या अंघोळींसाठी आणि भांड्यांसाठी तिथे इतके सरपण जळे की, स्वयंपाकीण राधाबाई डोळे पुसत म्हणे, "बाय गो, माझे डोळे धुराक दिले मी. आता कोण परत देतलो?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी जन्मलो. मला गच्चीवर आणून दक्षिणेकडे तोंड करून उभे केले. हा कोणाचा हट्ट नव्हता. आपल्या देशी हिवाळ्यात सूर्य आकाशाच्या दक्षिण बाजूने जातो. म्हणून ज्याला हिवाळ्यात ऊन हवे, त्याने दक्षिणेकडे पाहावे. सरलाने माझा कलही विचारपूर्वक ठरवला होता. पहिल्याच आठवड्यात राधाबाईने निष्काळजीपणे नळाखाली हात धरला आणि किंचाळली, "अगो आवशी! भाजलो गो हात! ह्या पाणी की तेल?" सरला हसली, मग धावत जाऊन तिने तिच्या बोटांना खोबरेल लावले. माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. आजही मला तीच सर्वांत खरी वाटते.

यानंतर उद्घाटन आले.

संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब हे आंब्याचे व्यापारी. वसतिगृहासाठी सिमेंट त्यांनीच दिले होते. आणि ज्याचे सिमेंट त्याची दिशा, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. ते गच्चीवर आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि थबकले.

"ह्येचा तोंड खंय केल्यात?"

"दक्षिणेकडे, दाजीसाहेब," गुरुदास सर म्हणाले.

"दक्षिणेक? यमाच्या दारात? आणि शुभकार्य करतल्यात? फिरवा, फिरवा! उत्तरेक रस्तो आसा, येणाऱ्याजाणाऱ्याक दिसतला. फोटूय बरो येतलो."

सरला पुढे झाली. "पण दाजीसाहेब, ऊन त्या बाजूला…"

"चेडवा, ऊन सगळीकडे पडता. तुझ्या बापाशीच्या खळ्यात पडता, माझ्या बागेत पडता. ता काय दिशा इचारून पडता?"

लोक हसले. सरलाने सरांकडे पाहिले. सरांनी आपल्या चपलांकडे पाहिले. मित्रांनो, अज्ञानावर मी फार रागावत नाही. अज्ञान हा अंधार आहे, दिवा लावला की जातो. पण ज्याच्या हाती दिवा आहे त्याने तो फुंकर घालून विझवावा, याला काय म्हणावे? सरांनी एक वाक्य उच्चारले असते तर पुरले असते. ते वाक्य त्यांना पाठ होते. वर्षभर ते त्यांनी फळ्यावर लिहिले होते.

पाहुणे कोकम सरबत पीत असताना माझ्या नळ्या सोडवल्या गेल्या आणि खाट फिरवावी तसे मला उत्तरेकडे फिरवले गेले. मग गाऱ्हाणे घालण्यासाठी गावचे मानकरी लवू गावकर आले. आमच्या मुलखात कोणतेही नवे कार्य देवाच्या कानावर घातल्याखेरीज सुरू होत नाही. गावकरांनी मला प्रथम पाहिले ते तसेच, फिरवलेले. त्यांनी नारळ हातात धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जा काय नवीन उभारलेला आसा, तेच्यार सूर्यनारायणाची नदर ऱ्हवू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांनी साथ दिली. त्यात दाजीसाहेबांचा आवाज सर्वांत मोठा होता.

पुढे काय झाले ते मी सांगायलाच हवे काय? पौष आला. पहाटेचा गारठा पडू लागला. सूर्य रोज माझ्या पाठीमागून उगवे, पाठीमागूनच वर चढे आणि पाठीमागूनच समुद्रात उतरे. माझ्या काचेवर त्याची तिरपी, उष्टी किरणे तेवढी पडत. पाणी कोमट व्हायचे, कधी तेवढेही नाही. मुले लोटे घेऊन येत आणि ओरडत, "खंयचो सौर बंब, मेल्या? सौर माठ आसा तो! उन्हाळ्यात प्याक बरो!" राधाबाईने पुन्हा चूल पेटवली. मी तिला दोष देत नाही. पण एके दिवशी तिने माझ्या काचेवर सांडगी मिरची वाळत घातली, ती दोन दिवसांत वाळेना, तेव्हा तीसुद्धा उचलून नेली. मिरचीलाही मी नालायक ठरलो! कोणी काच पुसेना. खाऱ्या वाऱ्याचा थर तिच्यावर साचला, त्यावर कावळ्यांनी आपली भर घातली.

मग व्यवस्थापन समितीची सभा झाली, तीही माझ्याच खालच्या खोलीत. उघड्या खिडकीतून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. सभेत दाजीसाहेब शुद्ध मराठी बोलत. ते म्हणाले, "कोकणचे हवामान सौरशक्तीस अनुकूल नाही, हे या प्रयोगाने सिद्ध झाले आहे. बंब भंगारात काढावा, विषय पुढील वर्षापासून बंद करावा आणि या विद्यार्थिनीच्या प्रकल्पावर अयशस्वी असा शेरा मारावा."

सिद्ध झाले आहे! मित्रांनो, या दोन शब्दांनी मला जितके जाळले तितके आयुष्यात कोणत्याही उन्हाने जाळले नाही. ज्या किनाऱ्यावर शिरोड्याच्या मिठागरांत सूर्य समुद्राला आटवून मीठ करतो, जिथे घरोघरी खोबरे, कोकमाची सोले आणि बांगडे त्याच्याच भरवशावर वाळत पडतात, तिथे त्याला लोटाभर पाणी तापवता येत नाही म्हणे! आणि हे सिद्ध कोणी केले? ज्याचे तोंड फिरवले त्यानेच? एखाद्याला भिंतीकडे तोंड करून बसवावे आणि मग, "याला समोरचे दिसत नाही," असा दाखला द्यावा, त्यातलाच हा न्याय.

सरलाला आत बोलावून निर्णय ऐकवला गेला. तिचा सबंध वर्षाचा अभ्यास एका शेऱ्याने पुसला जाणार होता. पण ती रडली नाही. ती म्हणाली, "एक दिवस मला तो दक्षिणेकडे फिरवू द्या. मग जो शेरा मारायचा तो मारा."

दाजीसाहेबांनी हात पसरले. "गाऱ्हाणे घातलेली वस्तू आहे. आता ती हलवायची तर गावकरांना विचारावे लागेल." विषय संपला, असा तो स्वर होता.

"मग विचारूया," सरला म्हणाली.

मग एक मवाळ आवाज आला, "मी बोलावून आणतो त्यांना." गुरुदास सर होते. उशीर झाला होता. पण वाचा फुटली होती.

आता पुढचे सांगण्याआधी माझी विनंती ऐका, कारण शेवटचा शब्द माझा नाही. तुमच्या घरात, शाळेत, गावात जे यंत्र चालेनासे झाले असेल, त्याला निकामी म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ जा. त्याची काच पुसा. त्याला काय हवे होते आणि आपण काय दिले, हे स्वतःला विचारा. आणि जी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती बोलायची वेळ येते तेव्हा चपलांकडे पाहू नका.

भर दुपारी लवू गावकर गच्चीवर आले. जिने चढून त्यांना धाप लागली होती. "खंय आसा तुमचो आजारी?" त्यांनी विचारले.

दाजीसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "गावकारांनू, ह्या चेडू म्हणता, यंत्र दक्षिणेक फिरवा. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आता तुमीच काय ता सांगा."

गावकरांनी सरलाकडे पाहिले. "काय गो, यमाक भियत नाय तू?"

"भितंय आजोबा. पण यम कोणाचो झील?"

"सूर्याचो."

"मगे बापूस थंडीत झिलाकडे ऱ्हवाक गेलो, तर आमी बापाशीचा तोंड बघूचाच नाय?"

राधाबाई फिस्सकन हसली. गावकरांच्या मिशाही हलल्या. दाजीसाहेब मात्र कडाडले, "पुराण सांगून पाणी तापणा नाय!"

"म्हणानच सांगतंय, सावल्यो बघा," सरला म्हणाली.

सर्वांनी खाली पाहिले. प्रत्येकाची सावली उत्तरेकडे पडली होती. आणि माझी? माझीच सावली माझ्या पुढ्यात पडली होती. गेले कित्येक दिवस मी तिच्याकडे पाहत उभा होतो.

राधाबाईने पदर खोचला आणि ती पुढे आली. "गावकारांनू, माका शास्तर कळणा नाय. पण ह्येचा तोंड तिकडे होता तेवा माझो हात भाजललो. इकडे केलास तसो माझो डोळो परत धुराक लागलो."

गावकर दाजीसाहेबांना म्हणाले, "गाराण्यात मी देवाकडे काय मागलंय?"

"सूर्यनारायणाची नदर," दाजीसाहेब पुटपुटले.

"आणि व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठ्यान कोण म्हणालो?"



गावकर माझ्यासमोर आले. त्यांनी माझ्या मळलेल्या काचेवर तळहात ठेवला. ती थंड होती. मग ते माझ्या मागे गेले आणि फणसाच्या फळ्यांवर हात टेकताच त्यांनी तो झटकन मागे घेतला. तिथे ऊन तळपत होते. फुंकर घालून त्यांनी बोटे निववली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, गाऱ्हाणे घालावे तसे, म्हणाले:

"पाठ तापली हा ह्येची, आणि पोटातला पाणी थंड. सूर्य आपला काम करता हा, दाजी. देवाक पाठ दाखवलास तुमी, आणि आळ घातलास सूर्यार."