पाच पंधराची बोट

माझा साडू बोटखात्यात वेळापत्रक विभागाचा प्रमुख होता. शहरातल्या लोकांना समोरच्या बेटावरच्या बागेत वेळेवर पोचवायचं आणि वेळेवर परत आणायचं, हे काम त्याने चौतीस वर्षं केलं. स्वतः मात्र एकदाही बोटीत बसला नाही. वेळापत्रक करणाऱ्याने बोटीत बसू नये, बसला की तो प्रवाशांची बाजू घ्यायला लागतो, असं त्याचं मत होतं. घरात त्याचं नावच ‘वेळापत्रक’ पडलं होतं आणि त्याला ते आवडायचं.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं की आता बायकोला बेट दाखवायचं. बिचारीने आयुष्यात काही पाहिलं नाही, असं तो मला फोनवर म्हणाला. ही बिचारी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो. नियोजनासाठी रविवारी दुपारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. सहल त्या दोघांची होती, पण बैठक म्हटली की चार माणसं लागतात.

जेवणाच्या टेबलावर त्याने बागेचा नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, चष्म्याचं घर, पक्कड आणि माझा चहा. शेजारी चार पानी कार्यक्रम. गुरुवार, कारण गुरुवारी गर्दी सगळ्यात कमी. नऊ चाळीसची बोट. दहा पाचला बेट. दहा पाच ते दहा वीस, धक्क्यावर थांबून निरीक्षण. कशाचं निरीक्षण, असं मी विचारलं. ते तिथे गेल्यावर ठरेल, असं तो म्हणाला.

गुरुवार म्हटल्याबरोबर माझ्या बायकोने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथेच विसरली. मी ते पाहिलं, पण बिस्किटापलीकडे काही माझ्या लक्षात आलं नाही.

ताई खिडकीपाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नवऱ्याचं बोट नकाशावर धक्क्यापासून दीपगृहाकडे निघालं, तशी ती मान वर न करता म्हणाली, “तिकडून नका जाऊ. ती पायवाट दोन वर्षं बंद आहे. तळ्याच्या मागून जावं लागतं.”

वेळापत्रकाने तिला समजावलं की हा खात्याचा अधिकृत नकाशा आहे. ताई म्हणाली, असेल, पण त्यावर जिथे स्वच्छतागृह दाखवलंय तिथे आता माळ्यांची अवजारं ठेवतात. आणि तिसऱ्या बाकाची एक फळी निघालीय, तेव्हा डाव्या अंगाला बसायचं.

“तुला काय माहीत?”

“मी दर गुरुवारी जाते.” तिने उशीचा अभ्रा झटकला.

वेळापत्रक हसला. मग त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्हीही हसावं म्हणून. माझी बायको हसत नव्हती. तेव्हा तो जरा बारीक आवाजात म्हणाला की गुरुवारी तर ती धाकटीकडे जाते, गेली नऊ वर्षं जाते.

“येते ना,” माझी बायको म्हणाली. “बोटीतून उतरली की येते. पाच मिनिटं.”

आता धक्का बसायची पाळी माझी होती. नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी माझ्यासमोर सकाळचंच जेवण गरम करून आलं होतं, कारण दिवसभर ताई आली होती आणि हिला वेळच झाला नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. ती कपातून चमच्याने बिस्कीट काढत होती, अतिशय मन लावून.

वेळापत्रकाने विचारलं, कोणाबरोबर जातेस. ताई म्हणाली, एकटी. तिथे काय करतेस, तर म्हणाली, बसते. बसून काय करतेस, तर काही नाही. हे उत्तर त्याला सगळ्यात जास्त लागलं. बायकोचं बाहेर काही असतं तर निदान ते कुठल्या तरी रकान्यात मांडता आलं असतं. नऊ चाळीसला जाऊन दिवसभर काही न करणाऱ्या माणसासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

“पूर्वी संध्याकाळपर्यंत बसायचे,” ताई पुढे म्हणाली. “पाण्यावर ऊन उतरतं ना, तेवढं बघून निघायचं. तुम्ही गुरुवारची पाच पंधराची बोट काढून टाकलीत, तेव्हापासून साडेतीनच्या बोटीसाठीच उठावं लागतं.”

साडूने नकाशावरचं बोट उचललं. “त्या बोटीला एकच प्रवासी होता.”

“हो. मी.”

ती ‘एक प्रवासी’ आम्हा सगळ्यांनाच चांगली ठाऊक होती. बेटाच्या धक्क्यावर तक्रारवही असते. नाव लिहायची सक्ती नाही. महिन्याअखेर कारकून त्यातला मजकूर टंकून साहेबांपुढे, म्हणजे माझ्या साडूपुढे, ठेवायचा आणि साहेब सांगतील ते उत्तर वहीत उतरवायचा. पाच पंधराची बोट परत सुरू करा, अशी एकाच बाईची तक्रार अकरा महिने आली होती. वेळापत्रक ती आम्हाला जेवताना वाचून दाखवायचा, आवाज काढून. रिकामटेकडी, असं तिचं नाव त्यानेच पाडलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. ताई वाढत असायची आणि म्हणायची, असेल हो बाईला काही अडचण.

“आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे,” ताई म्हणाली. “अकरा वेळा.”

“अगं, पण मला सांगायचं. मी घरातच होतो.”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात.” तिने घडी घातलेला शर्ट ढिगावर ठेवला. “आता तर घरीच आहात. आणि तुमच्या कागदावर गुरुवारच लिहिलाय. मला एक वार होता हो. तेवढाच.”

वेळापत्रक नकाशाकडे पाहत राहिला. मग अगदी कार्यालयातल्या आवाजात त्याने सांगितलं की माळी-मजुरांची बोट साडेपाचला बेटावरून निघते. रिकामीच असते. नियम चौदाप्रमाणे खात्यातल्या माणसाच्या कुटुंबीयांना तिच्यातून येता येतं. निवृत्तांच्याही. चिठ्ठी लागते फक्त, सहीची.

ताईने हातातला टॉवेल खाली ठेवला. त्या दुपारी पहिल्यांदाच ती थक्क झालेली दिसली. “म्हणजे मला येता आलं असतं?”

“रिकामटेकडीला नसतं आलं,” तो म्हणाला. “तुला आलं असतं.”

माझ्या बायकोला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. मग वेळापत्रकाने चार पानांतलं शेवटचं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहायला घेतली. ‘प्रवासी संख्या’ असं लिहून त्याचं पेन थांबलं. त्याने ताईकडे पाहिलं. ताईने टॉवेल अजून उचलला नव्हता. त्याने ‘एक’ लिहिलं, पुढे कंसात ‘दर गुरुवारी’ लिहिलं, आणि सही केली.

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पहिल्या पानावरचा गुरुवार खोडून तिथे रविवार लिहायला सांगितला. रविवारी मी येते तुमच्याबरोबर, म्हणाली, मात्र ते धक्क्यावरचं निरीक्षण काढून टाका. पंधरा मिनिटांवरून त्याने थोडी घासाघीस केली आणि काढलं.

“साडेपाचला नक्की निघते ना ती?” चिठ्ठी पर्समध्ये ठेवताना तिने विचारलं.

वेळापत्रकाने आमच्याकडे एकदा पाहून घेतलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि हळूच म्हणाला, “पाच चाळीसला निघते. पण हे बाहेर सांगायचं नसतं.”